ग्रंथालय नेमके कोणाचे?

वर्गणी, अनुदान आणि कर : पुण्यातील वाचनालये व अमेरिकेतील गावांची ग्रंथालये

इ. स. १८४८ हे वर्ष पुण्याच्या इतिहासात दोन कारणांनी लक्षात ठेवावे असे आहे. या वर्षी भिडेवाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली आणि याच वर्षी ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’ स्थापन झाली. या लायब्ररीच्या उभारणीत ‘लोकहितवादी’ गोपाळ हरि देशमुख यांचा पुढाकार होता. ‘प्रभाकर’ पत्रात त्यांची शतपत्रेही त्याच वर्षी प्रसिद्ध होऊ लागली होती. आज ही संस्था ‘पुणे नगर वाचन मंदिर’ या नावाने ओळखली जाते. योगायोग असा की, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विधिमंडळाने बोस्टन शहराला करातून सार्वजनिक ग्रंथालय चालविण्याची परवानगी दिली तीही १८४८ मध्येच.

दोन्ही शहरांत एकाच वर्षी पेरलेले बीज पुढे मात्र निरनिराळ्या तऱ्हेने वाढले. बोस्टनचे ग्रंथालय नगराच्या तिजोरीवर उभे राहिले. पुण्याचे ग्रंथालय सभासदांच्या वर्गणीवर आणि दात्यांच्या औदार्यावर उभे राहिले. ग्रंथालय कोणाचे, या साध्या प्रश्नाची ही दोन उत्तरे आहेत. पावणेदोनशे वर्षांनंतरही महाराष्ट्रातील बहुतेक वाचनालयांचे भवितव्य याच प्रश्नाभोवती फिरत आहे.

नेटिव्ह लायब्ररी ते नगर वाचन मंदिर

पुण्याचे वाचनालय हे महाराष्ट्रातील पहिले नव्हे. रत्नागिरीत १८२८ मध्ये, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे १८३८ मध्ये आणि नाशिक येथे १८४० मध्ये वाचनालये सुरू झाली होती. कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. आरंभीच्या या संस्थांचा साचा साधारण सारखा होता. एखादा ज्ञानप्रेमी इंग्रज अधिकारी, गावातील सरदार व सावकार आणि नव्याने इंग्रजी शिकलेले कारकून व शिक्षक एकत्र येत, वर्गणी गोळा करीत, मुंबईहून ग्रंथ व वृत्तपत्रे मागवीत. ‘नेटिव्ह’ हा शब्द संस्थेच्या नावात येण्याचे कारणही उघड आहे. छावणीतील गोऱ्या साहेबांची लायब्ररी वेगळी आणि एतद्देशीयांची वेगळी, अशी त्या काळची रीत होती.

पुढील अर्धशतकात हे लोण महाराष्ट्रभर पसरले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये स्थापन झाले. या दोन्ही संस्थांच्या नावांतून ‘नेटिव्ह’ जाऊन ‘मराठी’ आले, हा केवळ शब्दांचा बदल नव्हता. मराठीत छापले गेलेले प्रत्येक पुस्तक जपून ठेवावे, ही त्यामागची आकांक्षा होती. पुण्यात १९११ मध्ये नारायण पेठेत पुणे मराठी ग्रंथालय उभे राहिले, ते याच प्रवाहातील होय.

पुण्याचे वैशिष्ट्य असे की, येथे ग्रंथालय हे एकटे कधीच नव्हते. त्याच्या सभोवती सार्वजनिक संस्थांचे एक जाळेच विणले गेले. पुणे सार्वजनिक सभा १८७० ची. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला ही, वाचता न येणाऱ्यालाही ऐकून शहाणे होता यावे अशी जणू दुसरी लायब्ररीच होती. १८७८ मध्ये रानडे व लोकहितवादी यांनी पुण्यात ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरविले. १९०५ मध्ये नामदार गोखले यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. या समाजाच्या ग्रंथसंग्रहातूनच पुढे गोखले अर्थशास्त्र संस्थेचे, धनंजयराव गाडगीळांच्या नावाने ओळखले जाणारे ग्रंथालय वाढले. महाराष्ट्र साहित्य परिषद (१९०६), सेवासदन (१९०९), भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०) आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर (१९१७) या संस्था त्याच पिढीच्या. यांपैकी बहुतेकांच्या पोटात एकेक ग्रंथालय आहे.

या साऱ्या संस्थांचा कारभार एकाच पद्धतीने चालत आला आहे. सभासद वर्गणी व अनामत भरतात, आजीव सभासद कार्यकारी मंडळ निवडतात, मंडळ ग्रंथपाल नेमते. देवघेव विभाग, संदर्भ विभाग, बालविभाग व मुक्त वाचन कक्ष असे भाग पडतात. मुक्त वाचन कक्षात कोणीही येऊन वृत्तपत्रे चाळू शकतो, मात्र पुस्तक घरी न्यावयाचे तर सभासद व्हावे लागते. यात उणे काय, असे कोणी विचारील. उणे एवढेच की, वर्गणी कितीही अल्प असली तरी तिने उंबरठा निर्माण होतो. मोलकरणीच्या मुलीला त्या उंबरठ्याची उंची जेवढी जाणवते तेवढी ती सुखवस्तू सभासदाला जाणवत नाही.

अमेरिकेतील गावाची रीत

अमेरिकेतही आरंभ वर्गणीनेच झाला. बेंजामिन फ्रँकलिन व त्याच्या मित्रांनी १७३१ मध्ये फिलाडेल्फिया येथे स्थापन केलेली ‘लायब्ररी कंपनी’ ही भागधारकांची संस्था होती. वळण मिळाले ते एका लहान गावी. न्यू हॅम्पशायर राज्यातील पीटरबरो या गावाने १८३३ मध्ये आपल्या सार्वजनिक पैशातून सर्वांना मोफत असे ग्रंथालय चालविण्याचा ठराव केला. करावर चालणाऱ्या आधुनिक सार्वजनिक ग्रंथालयाचे पहिले उदाहरण म्हणून या गावाचे नाव घेतले जाते.

या कल्पनेला इमारत दिली ती पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी याने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पहिल्या महायुद्धाच्या काळापर्यंत त्याच्या देणगीतून जगभर अडीच हजारांच्या आसपास ग्रंथालये बांधली गेली, त्यांतील सोळाशेहून अधिक एकट्या अमेरिकेत होती. कार्नेगीची अट मोठी मार्मिक होती. इमारतीचा पैसा तो देई, मात्र जागा गावाने द्यावयाची आणि देणगीच्या एक दशांश इतकी रक्कम दरवर्षी करातून ग्रंथालयावर खर्च करण्याचे वचनही गावाने द्यावयाचे. म्हणजे दाता एकदाच येई, जबाबदारी मात्र गावाच्या गळ्यात कायमची पडे. आपल्याकडे दात्याचे नाव संगमरवरी पाटीवर कोरले जाते आणि छप्पर गळू लागले की त्याच दात्याच्या नातवाकडे जावे लागते. कार्नेगीने ही अडचण आधीच ओळखली होती.

आज अमेरिकेत सुमारे नऊ हजार सार्वजनिक ग्रंथालय व्यवस्था आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक दहा हजारांपेक्षा कमी लोकवस्तीसाठी चालतात. त्यांचा बहुतांश खर्च स्थानिक करातून, प्रामुख्याने घरपट्टीसारख्या मालमत्ता करातून भागतो. राज्य व केंद्र सरकारचा वाटा त्या मानाने अल्प असतो. ग्रामीण भागाला केंद्राचे साहाय्य मिळावे म्हणून १९५६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. गावातील नागरिकांचे विश्वस्त मंडळ कारभार पाहते. रहिवाशाला सभासदपत्र विनामूल्य मिळते. हवे ते पुस्तक गावात नसेल तर दुसऱ्या गावच्या ग्रंथालयातून मागवून देतात. लहान मुलांसाठी गोष्टींचा तास असतो, बेकारांना अर्ज भरण्यास साहाय्य मिळते, घरी संगणक नसलेल्यांना तेथे तो वापरता येतो आणि उन्हाळ्यात वृद्धांना गार हवेत बसण्याची सोय होते. जुनी पुस्तके विकून निधी जमविणारे ‘ग्रंथालयमित्र’ गावोगाव असतात. आपल्याकडे देऊळ, चावडी, पार आणि वाचनालय यांनी मिळून जे काम केले, त्यातील बरेचसे तेथील ग्रंथालय एकटे करते.

बडोद्याचा दुवा

ही अमेरिकन कल्पना मराठी माणसाच्या हातून हिंदुस्थानात आली, हे फारसे कोणाच्या स्मरणात नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये आपल्या राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेचा प्रवास केला आणि तेथील ग्रंथालये पाहिली. शाळेत अक्षरओळख झालेला मुलगा पुढे वाचणार काय, आणि वाचले नाही तर शिकलेले टिकणार कसे, हा प्रश्न त्यांच्या मनात होता. त्याचे उत्तर त्यांना या ग्रंथालयांत सापडले.

१९१० मध्ये त्यांनी विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलाविले. बॉर्डन हे कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथील एका संस्थेच्या ग्रंथालयाचे काम पाहत असत. तीन वर्षांच्या वास्तव्यात त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली, ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग काढला आणि गावोगावच्या ग्रंथालयांचा आराखडा तयार केला. महाराजांनी राजवाड्यातील आपला खासगी संग्रह या कामासाठी दिला. जेथे ग्रंथालय उभे राहणे शक्य नव्हते तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. महिला व मुले यांच्यासाठी स्वतंत्र सोय झाली. १९१२ मध्ये निघालेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या नियतकालिकात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी विभागही होता. बॉर्डन परतल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी हे काम पुढे नेले आणि १९१९ मध्ये या चळवळीची हकीकत ग्रंथरूपाने लिहिली.

या योजनेचे मर्म तिच्या हिशेबात होते. गावाने ठरावीक रक्कम उभी केली की तेवढीच रक्कम प्रांत पंचायत देई आणि तेवढीच दरबार देई. गावाचा पुढाकार आणि राज्याचे पाठबळ यांची ही सांगड होती. गाव हलले नाही तर सरकार देत नसे, आणि गाव हलले तर सरकारला नाही म्हणता येत नसे.

१९६७ चा कायदा

ब्रिटिश मुंबई इलाख्यातही विचार चालूच होता. सरकारने १९३९ मध्ये आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मध्यवर्ती ग्रंथालयापासून विभाग, जिल्हा, तालुका व गाव अशी उतरंड या समितीने सुचविली. तिच्यातूनच पुढे विभागीय ग्रंथालये निघाली. पुण्याचे शासकीय विभागीय ग्रंथालय अनेक वर्षे विश्रामबागवाड्यात होते. कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता.

स्वतंत्र भारतात पहिला ग्रंथालय कायदा मद्रास राज्याने १९४८ मध्ये केला. त्यामागे डॉ. शि. रा. रंगनाथन यांची तपश्चर्या होती. त्या कायद्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसविण्याची तरतूद आहे आणि पुढे कर्नाटकानेही उपकराचाच मार्ग धरला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत होऊन १ मे १९६८ पासून अमलात आला. त्यात उपकर नाही. खर्च राज्याच्या अर्थसंकल्पातून व्हावा आणि लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांना सरकारने मान्यता व अनुदान द्यावे, असा मध्यममार्ग महाराष्ट्राने काढला.

या मार्गाचे श्रेय नाकारता येणार नाही. राज्यात शासनमान्य ग्रंथालयांची संख्या २०१० च्या दशकात बारा हजारांच्या आसपास पोहोचली होती. सेवाभावी मंडळींनी चालविलेल्या वाचनालयांचे इतके दाट जाळे फार थोड्या राज्यांत आढळेल. ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिके, कामाचे तास अशा निकषांवर ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ असे वर्ग पडतात आणि वर्गानुसार अनुदान ठरते. ते हप्त्यांनी मिळते आणि त्यातूनच वेतन, ग्रंथखरेदी व इतर खर्च भागवावा लागतो. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून (स्थापना १९७२) ग्रंथरूपाने साहाय्य मिळते ते वेगळे.

दोषही याच रचनेत दडलेला आहे. अनुदान हा वाचकाचा हक्क ठरत नाही, ते संस्थेला मिळणारे साहाय्य ठरते. ते वाढले नाही, वा उशिरा आले, तर गावातील मतदार कोणाला जाब विचारणार? त्याने ग्रंथालयासाठी म्हणून वेगळा पैसा दिलेलाच नसतो. या ओढाताणीचा सर्वांत मोठा भार पडतो तो ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्यावर. शिपाई, लिपिक व ग्रंथपाल ही तिन्ही कामे करणारा लहान गावचा ग्रंथालयसेवक ज्या मानधनावर राबतो त्यावर घर चालत नाही. वेतनश्रेणीची त्याची मागणी अनेक दशके जुनी आहे. ग्रंथालय चळवळ असा शब्द आपण अभिमानाने वापरतो, परंतु ती चळवळ बव्हंशी या माणसाच्या अर्धपोटी निष्ठेवर चालली आहे, हे स्पष्ट बोलले पाहिजे.

कर म्हणजे सर्व काही नव्हे

तथापि अमेरिकेची रीत जशीच्या तशी उचलली म्हणजे प्रश्न सुटला, असे मानणे भाबडेपणाचे होईल. करावर चालणारे ग्रंथालय मतदारांच्या कौलावर चालते आणि कौल फिरू शकतो. मिशिगन राज्यातील जेम्सटाउन टाउनशिप येथील पॅटमॉस ग्रंथालयाचे उदाहरण ताजे आहे. समलैंगिक व्यक्तींविषयीची काही पुस्तके तेथे ठेवल्याच्या रागातून २०२२ मध्ये मतदारांनी ग्रंथालयाचा कर दोनदा, ऑगस्टमध्ये व नोव्हेंबरमध्ये, फेटाळला. ग्रंथालय बंद पडण्याच्या बेतास आले. देशभरातून देणग्या आल्या म्हणून ते तगले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अखेर कर मंजूर झाला. म्हणजे कराच्या देशातही संकटसमयी दातेच धावून आले!

‘सर्वांसाठी’ हा शब्दही तेथे दीर्घकाळ अपुराच होता. व्हर्जिनिया राज्यातील अलेक्झांड्रिया शहराच्या करपोषित ग्रंथालयात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. २१ ऑगस्ट १९३९ रोजी पाच कृष्णवर्णीय तरुण तेथे गेले आणि सभासदत्व नाकारले जाताच शांतपणे पुस्तके घेऊन वाचत बसले. त्यांना अटक झाली. सॅम्युएल टकर या तरुण वकिलाने हा सत्याग्रह योजला होता. नगराने पुढील वर्षी त्यांच्यासाठी वेगळी शाखा काढली, मुख्य दार मात्र उघडले नाही.

आपल्याकडील चित्र याहून उजळ नव्हते. ज्या बडोद्यात गावोगावी मोफत ग्रंथालये निघत होती, त्याच बडोद्यात १९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना राहावयास जागा मिळाली नाही. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या या विद्वानाला पारशी धर्मशाळेतून बाहेर काढण्यात आले. भिडेवाड्यातील शाळा आणि नेटिव्ह लायब्ररी एकाच वर्षीच्या, एकाच गावातल्या. परंतु शाळेतल्या मुलींना लायब्ररीच्या कपाटापर्यंत पोहोचण्यास किती काळ जावा लागला, याचा विचार वर्धापनदिनाच्या भाषणांत क्वचितच होतो.

पुस्तकावरचा राग पुस्तकांच्या घरावर काढण्याचा अनुभवही पुण्याला आहे. एका परदेशी अभ्यासकाच्या शिवाजीमहाराजांवरील ग्रंथाने उसळलेल्या वादात ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर हल्ला झाला आणि अमोल ग्रंथसामग्रीची नासधूस झाली. महाभारताची चिकित्सक आवृत्ती जेथे सिद्ध झाली त्या वास्तूशी आपले नाते काय, हे शहरातील कित्येकांना त्या दिवशी प्रथमच स्वतःला विचारावे लागले.

पेठांतील अभ्यासिका

पुण्यातील वाचनसंस्कृती ओसरली, अशी हळहळ नेहमी ऐकू येते. सदाशिव, नारायण वा नवी पेठेतून सकाळी चक्कर मारली तर निराळेच दृश्य दिसते. गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत आणि त्या भरलेल्या आहेत. सोलापूर, लातूर, नांदेड, बीड येथून स्पर्धापरीक्षांसाठी आलेली मुलेमुली दिवसाचे दहा-बारा तास तेथे बसतात. त्यांना पुस्तकापेक्षाही आधी हवी असते ती शांत खुर्ची, उजेड, पाणी आणि स्वच्छतागृह. खोलीत चौघे राहत असल्यामुळे घरी अभ्यास होत नाही. या गरजेवर खासगी व्यवसाय उभा राहिला आहे आणि दरमहा खुर्चीचे भाडे मोजावे लागते. महापालिकेच्या व जुन्या संस्थांच्या अभ्यासिका आहेत, पण मागणीपुढे त्या अपुऱ्या पडतात.

अमेरिकेतील गावात हीच खुर्ची सार्वजनिक ग्रंथालय विनामूल्य देते. तेव्हा प्रश्न वाचणाऱ्यांच्या अभावाचा नाही. वाचणारे आहेत, ते आपल्या जुन्या वाचनालयांच्या वर्गणीदारांहून वेगळे आहेत, आणि त्यांच्यासाठी दार कसे उघडावे हे अद्याप ठरलेले नाही.

वाट काढता येते, याची साक्ष सातारा जिल्ह्यातच आहे. पाचगणीजवळील भिलार हे गाव ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ झाले. स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्या या गावातील लोकांनी आपल्या घरांतील जागा पुस्तकांसाठी दिल्या. राज्य शासनाने ग्रंथ, कपाटे व बैठकव्यवस्था पुरविली. आरंभी अशी पंचवीस ठिकाणे होती. येथे वर्गणी नाही, अनामत नाही. कोणीही यावे व वाचावे. कल्पना वेल्समधील हे-ऑन-वाय या ग्रंथनगरीवरून सुचलेली, पण तेथे पुस्तके विकली जातात आणि येथे ती वाचावयास ठेवलेली आहेत. गावाची जागा आणि सरकारचे ग्रंथ ही जोडी बडोद्याच्या जुन्या हिशेबाशी नाते सांगणारी आहे.

पुणे महापालिकेने घरपट्टीतील एक लहानसा भाग ग्रंथालयांसाठी म्हणून निराळा दाखविला, जुन्या वाचनालयांनी त्या बदल्यात वाचन कक्ष व बालविभाग सर्वांस मोफत खुले केले आणि त्यांच्या कार्यकारी मंडळावर वर्गणी न भरणाऱ्या वाचकांचाही प्रतिनिधी आला, तर वर्गणी व कर यांचा मेळ बसणे अशक्य नाही. कार्नेगीची अट आणि सयाजीरावांचा हिशेब या दोहोंचे सार हेच होते. तोवर आपल्या पेठेतील वाचनालयाचे निदान सभासद होणे, एवढे तरी प्रत्येकाच्या हाती आहे.